मुक्या सोबत्याचा मधुमेह

घरातल्या कुत्र्याला मधुमेह झाला आहे असे सांगितले, की ऐकणाऱ्याला आधी हसू येते. "पेढे फार चारलेत वाटतं!" हा शेरा ठरलेला. मग त्याला दिवसातून दोनदा इन्शुलिन टोचावे लागते हे कळले म्हणजे ते हसू मावळते आणि त्याच्या जागी एक प्रश्न उभा राहतो. कोणी तो उघड विचारतो, कोणी नुसत्या नजरेने: "एवढं सगळं एका कुत्र्यासाठी?"

हा प्रश्न निर्दयपणाचा आहे असे मला वाटत नाही. आपल्यासारख्या घरांत पैसा मोजका असतो आणि वेळ त्याहूनही मोजका. म्हातारी माणसे, शिकणारी मुले, नोकरीच्या वेळा, परगावची लग्नकार्ये या साऱ्यांतून उरेल तेवढेच मुक्या जनावराच्या वाट्याला येते. अशा घरात एखाद्या जनावराला जन्मभराचे दुखणे जडले तर त्याचे करायचे काय, याचे उत्तर भावनेच्या भरात देऊन भागत नाही. आजार काय आहे, घरच्यांना काय काय करावे लागते, ते आपल्याच्याने होण्यासारखे आहे का, हे सारे ठाऊक असेल तरच ते उत्तर टिकते. आमच्या घरी चिंगी नावाच्या कुत्रीचे हे आजारपण तीन वर्षे चालले. त्या काळात पशुवैद्यांकडून जे समजले, वाचनातून जे कळले आणि हातांना जे वळण लागले, ते इतर कुटुंबांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

मुंग्यांनी दिलेली सूचना

चिंगी कोणा उंची जातीची नव्हती. बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या घराच्या पायरीवर एका पावसाळ्यात भिजत आलेले ते पिल्लू मुलांनी आत आणले आणि ते घरचेच झाले. वाढून तिचे वजन चौदा किलोवर स्थिरावले. वयाच्या नवव्या वर्षी, ऐन नवरात्रात, तिची तहान वाढली. दिवसातून दोनदा भरायचा पाण्याचा वाडगा पाच पाच वेळा भरावा लागू लागला. रात्री दार उघडून द्यावे म्हणून ती उठवू लागली. खाणे वाढले होते, आणि तरीही पाठीवरून हात फिरवला तर कणा हाताला लागत होता.

आश्विनातला उष्मा बाधला असेल, असे आम्हा सर्वांचे मत पडले. सासूबाईंनी मात्र चौकातल्या फरशीकडे बोट दाखवले. चिंगी रात्री जिथे बसली होती, त्या जागेकडे मुंग्यांची रांग लागली होती. सासूबाई स्वतः पंधरा वर्षे मधुमेही. "अगं, हिला माझंच दुखणं झालंय," त्या म्हणाल्या. आणि रक्ताच्या तपासणीने त्यांचे निदान खरे ठरवले.

मुंग्यांची ही खूण फार जुनी आहे. मूत्राला गोडी येते आणि त्याकडे मुंग्या धावतात, हे आपल्या प्राचीन वैद्यांनी हेरले होते. 'मधुमेह' हा शब्दच ती गोष्ट सांगतो. तथापि चौक, अंगण, मुंग्या आता प्रत्येकाच्या घरी असतील असे नाही. म्हणून फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी दुसरे सोपे माप सांगते. निरोगी कुत्रे दिवसभरात दर किलो वजनामागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी पिते. हे प्रमाण १०० मिलिलिटरच्या वर गेले, म्हणजे चौदा किलोचे कुत्रे दिवसाला सुमारे दीड लिटर पाणी पिऊ लागले, तर ते ऋतुमानावर ढकलू नये. सकाळी मोजून पाणी ठेवावे, पुन्हा घालताना मोजावे आणि दुसऱ्या सकाळी उरलेले वजा करावे. दोन दिवसांत खरे काय ते कळते.

अति तहान, वारंवार लघवी, वाढलेली भूक आणि घटते वजन ही चौकडी एकत्र दिसली, की मधुमेहाची शंका घ्यावी. परंतु निदान घरी करू नये. मूत्रपिंडाचा विकार, गर्भाशयात झालेला पू, काही ग्रंथींचे रोग यांतही तहान वाढते. निरोगी कुत्र्याच्या १०० मिलिलिटर रक्तात साखर साधारण ८० ते १२० मिलिग्रॅम असते. ती सुमारे २०० च्या आसपास गेली, की मूत्रपिंडांना आवरत नाही आणि लघवीतून सांडू लागते. साखर आपल्याबरोबर पाणी ओढून नेते, म्हणून लघवी वाढते. पाणी गेले म्हणून तहान वाढते. रक्तात साखर भरपूर असूनही ती पेशींच्या तोंडी लागत नाही, म्हणून शरीर उपाशी राहते आणि आपलेच मांस व चरबी जाळू लागते. तेव्हा अधिक पाणी पिते म्हणून वाडगा उचलून ठेवणे हे केवळ क्रौर्य होय. त्याला पाणी नेहमी मिळालेच पाहिजे.

कुत्र्यांचे ऋण

या रोगाच्या इतिहासात कुत्र्याचे स्थान फार मोठे आहे आणि ते आपल्याला फारसे ठाऊक नसते. १८८९ साली स्ट्रासबर्ग येथे मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग या दोघा संशोधकांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि त्या कुत्र्याला मधुमेह झाला. मधुमेहाचे मूळ स्वादुपिंडात आहे हे जगाला तेव्हा कळले. त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी, १९२१ च्या उन्हाळ्यात, कॅनडातील टोरोंटो विद्यापीठात प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत फ्रेडरिक बँटिंग आणि त्यांचा तरुण साहाय्यक चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क काढून मधुमेही कुत्र्यांना टोचण्यास आरंभ केला. त्यांतली मार्जरी नावाची कुत्री त्या अर्काच्या बळावर सुमारे सत्तर दिवस जगली. पुढे जेम्स कॉलिप यांनी तो अर्क शुद्ध केला, आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन हा चौदा वर्षांचा मरणोन्मुख मुलगा त्याने वाचला. १९२३ साली बँटिंग व मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बँटिंगनी आपल्या रकमेतला अर्धा वाटा बेस्टला दिला, मॅक्लाउडनी कॉलिपला. या शोधाचे हक्क विद्यापीठाला नाममात्र एकेका डॉलरला देण्यात आले.

आज घरोघरीच्या आजी-आजोबांना जे औषध जगवते, ते प्रथम कुत्र्यांच्या जिवावर सिद्ध झाले. मधुमेही कुत्र्याला इन्शुलिन टोचताना आपण एका परीने उसने घेतलेलेच परत करीत असतो. सासूबाईंना मुलाने ही हकीकत वाचून दाखवली, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यानंतर चिंगीच्या इंजेक्शनाची वेळ त्यांनी कधी कोणाला चुकू दिली नाही.

कुत्र्याचा मधुमेह बहुधा इन्शुलिनच्या अभावाचा असतो. स्वादुपिंडातील इन्शुलिन करणाऱ्या पेशीच नाश पावलेल्या असतात. म्हणूनच माणसांच्या गोळ्या कुत्र्याला लागू पडत नाहीत. "आजीची अर्धी गोळी देऊन पाहू" हा विचारही मनात आणू नये. मांजराची गोष्ट निराळी. त्याचा मधुमेह पुष्कळदा लठ्ठपणाशी निगडित असतो आणि वेळीच उपचार झाले तर काही मांजरांचे इन्शुलिन पुढे सुटतेही. कुत्र्याचे सहसा सुटत नाही. अपवाद मादीचा: माजानंतरच्या काळात शरीरात जे स्राव वाढतात ते इन्शुलिनला दाद लागू देत नाहीत. म्हणून मधुमेही मादीचे गर्भाशय व अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया लवकर करावी असा सल्ला दिला जातो. चिंगीवर ती दुसऱ्याच महिन्यात झाली. कातडीच्या खाजेवर दिली जाणारी स्टेरॉइड औषधेही साखर चढवतात. तेव्हा दुसऱ्या कोणत्याही तक्रारीसाठी डॉक्टरांकडे गेलो, तरी मधुमेहाची गोष्ट आधी सांगावी.

एक नवलाची बाब येथे सांगण्यासारखी आहे. इन्शुलिनचा रेणू ५१ घटकांच्या साखळीचा असतो. डुकराच्या आणि माणसाच्या साखळीत एकाच घटकाचा फरक आहे. डुकराच्या आणि कुत्र्याच्या साखळीत तेवढाही नाही. परदेशांत कुत्र्यांसाठी डुकराचे इन्शुलिन वापरले जाते ते यामुळेच. आपल्याकडे बहुधा माणसांसाठीचेच इन्शुलिन पशुवैद्य ठरवून देतात आणि ते चांगले काम करते.

घरातील बैठक

निदान झाले त्या दिवशी पहिल्या डॉक्टरांनी सरळ सांगितले, की या वयाच्या कुत्रीला झोपवून टाका आणि नवे पिल्लू आणा. त्यांचा हेतू वाईट नव्हता. अशा जनावरांची हेळसांड त्यांनी पुष्कळ पाहिली असावी. त्या रात्री जेवणानंतर घरातील सर्वजण बसलो. सकाळ-संध्याकाळ बारा तासांच्या अंतराने सुई कोण टोचणार? दोन्ही वेळा घरात कोणी तरी असेल का? औषध, सुया, साखर मोजण्याच्या पट्ट्या आणि तपासण्या यांचा खर्च कोठून काढायचा? मुलीच्या शिकवणीचे पैसे त्याच महिन्यात भरायचे होते.

मुलगा म्हणाला, "धर्मराजाने कुत्र्याला सोडून स्वर्गात पाऊल टाकलं नाही." यावर आमच्या यजमानांनी जे उत्तर दिले ते मला आजही रास्त वाटते. "धर्मराजाला एकदाच ठरवायचं होतं. आपल्याला रोज दोनदा ठरवावं लागेल." म्हणून आम्ही आयुष्यभराचा संकल्प सोडलाच नाही. तीन महिने करून पाहायचे ठरवले. यजमानांनी सकाळची वेळ पत्करली, मी संध्याकाळची. मुलांनी वहीची जबाबदारी घेतली. गावातल्याच दुसऱ्या पशुवैद्यांनी उपचार हाती घेतले आणि पहिल्याच भेटीत बजावले, की पहिले काही आठवडे कठीण जातील, मात्रा जुळेपर्यंत धीर धरा.

अशा बैठकीची मी प्रत्येक घराला शिफारस करीन. एकट्या गृहिणीच्या गळ्यात हे काम पडले तर तिसऱ्या महिन्यातच तिचा जीव मेटाकुटीला येतो आणि राग निघतो तो त्या जनावरावर. ज्या घराला हे खरोखरच शक्य नसेल, त्याने ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. सांभाळणारे दुसरे घर शोधता येते. पण आजारी जनावर मोटारीतून नेऊन लांब सोडून येणे हा मार्ग कोणी पत्करू नये. जनावराला अन्नपाण्यावाचून हाल होतील अशा स्थितीत टाकून देणे, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आणि इन्शुलिनवर असलेले कुत्रे रस्त्यावर फार दिवस काढू शकत नाही.

सुई, बाटली आणि घड्याळ

बहुतेकांना भीती वाटते ती सुईची. ती पहिल्या आठवड्यातच जाते. इन्शुलिनची सुई केसासारखी बारीक असते. मानेच्या मागील बाजूपासून बरगड्यांच्या कडेपर्यंत कुत्र्याची कातडी सैल असते. ती चिमटीत उचलावी, तंबूसारखा आकार झाला म्हणजे त्याच्या पायथ्याशी सुई सरकवावी आणि दट्ट्या दाबावा. जागा रोज थोडी बदलावी; एकाच ठिकाणी टोचत राहिल्यास तेथे गाठ धरते आणि औषध नीट शोषले जात नाही. चिंगी पहिले दोन दिवस कुरकुरली. पुढे वाटी संपली, की ती आपणहून पाठ वळवून उभी राहू लागली.

खरी जोखीम सुईत नसून बाटलीवरच्या आकड्यात आहे. आपल्याकडे इन्शुलिन दोन ताकदींचे मिळते: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट. दोहोंच्या सिरिंज वेगळ्या असतात. सामान्यतः ४० च्या सिरिंजचे टोपण लाल आणि १०० च्या सिरिंजचे नारिंगी असते. शंभराच्या बाटलीतले औषध चाळीसच्या सिरिंजने त्याच रेघेपर्यंत भरले, तर जनावराला अडीच पट औषध जाते, आणि ते जिवावर बेतू शकते. उलट केले तर निम्म्याहूनही कमी जाते. बाटली आणि सिरिंज यांचे आकडे प्रत्येक वेळी जुळवून पाहावेत. आमच्या फ्रीजमध्ये दोन मधुमेह्यांची औषधे शेजारी शेजारी होती. म्हणून दोन वेगळे स्टीलचे डबे केले. एकावर 'आजी' आणि दुसऱ्यावर 'चिंगी' असे रंगवले, आणि एकीचा डबा वरच्या कप्प्यात तर दुसरीचा खालच्या, हा नियम घरच्या पाहुण्यालासुद्धा सांगितला.

इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवायचे असते. बर्फाच्या कप्प्यात ते कदापि ठेवू नये. एकदा गोठले की ते निकामी होते. दुधाळ दिसणारे इन्शुलिन वापरण्यापूर्वी बाटली दोन तळहातांत हलकेच घोळावी, ताक घुसळल्यासारखी हलवू नये. उघडलेली बाटली किती दिवस चालते ते वेष्टनावर लिहिलेले असते. माणसांच्या इन्शुलिनला ही मुदत साधारण चार आठवड्यांची असते. औषध उरले म्हणून ती ओलांडू नये. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या डब्यात साठवून दवाखान्यात द्याव्यात; कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला त्या लागू नयेत.

क्रम असा असावा: आधी जेवण, मग सुई. कुत्रे रोजच्याप्रमाणे जेवले तरच ठरलेली मात्रा द्यावी. ते जेवले नाही, अर्धेच जेवले किंवा ओकले, तर पूर्ण मात्रा न देता आधी डॉक्टरांना विचारावे. आणि एक नियम भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे: सुई दिली की नाही याची शंका आली, किंवा अर्धे औषध केसांवरच सांडले असे वाटले, तर पुन्हा टोचू नये. एक मात्रा चुकल्याने साखर थोडी चढेल. दुप्पट झाल्यास जीव जाऊ शकतो. म्हणूनच वही. तारीख, वेळ, किती खाल्ले, किती युनिट दिले, किती पाणी प्यायली आणि देणाऱ्याचे अक्षर. मुलांनी ती वही शाळेच्या हजेरीपटापेक्षा नेटकी ठेवली होती.

मात्रा जुळवण्यासाठी प्रारंभी बारा तासांत दर दोन तासांनी साखर पाहतात. कानाच्या पाळीवरून एक थेंब रक्त घेऊन घरच्या ग्लुकोमीटरवरही हे करता येते. मात्र माणसांचे यंत्र कुत्र्याची साखर प्रत्यक्षाहून कमी दाखवते, हे ध्यानात ठेवून आकड्यांचा अर्थ डॉक्टरांनीच लावावा. आता कातडीला चिकटवून ठेवायचे संवेदकही काही दवाखान्यांत कुत्र्यांसाठी वापरतात. फ्रुक्टोसामीन नावाची तपासणी मागील दोन-तीन आठवड्यांचा गोषवारा देते. माणसाप्रमाणे अगदी काटेकोर साखर राखण्याचा अट्टाहास कुत्र्यात धरत नाहीत; दिवसाचा बराच काळ ती १०० ते २५० च्या दरम्यान राहिली, तहान निवळली आणि वजन टिकले, की ठीक चालले आहे असे समजावे. रोजच्या आकड्याला घाबरून मात्रा कमी-जास्त करणे हे तर मुळीच घरच्यांचे काम नव्हे.

ताटातले पथ्य आणि शेजारधर्म

पथ्याचा सारा अर्थ एका शब्दात सांगता येतो: नेम. रोज तेच अन्न, तेवढेच, त्याच दोन वेळांना. काय आणि किती, हे वजन पाहून डॉक्टर ठरवून देतात. गूळ, साखर, बिस्किटे, दूधभात, उपासाची साबुदाण्याची खिचडी ही पूर्णपणे बंद. कुत्रे लठ्ठ असेल तर सावकाश उतरवावे. रोडावले असेल तर भरू द्यावे.

हे लिहिणे सोपे आहे. संक्रांतीला तिळगूळ, पाडव्याला श्रीखंड, होळीला पुरणपोळी, आणि बडोद्यात दसऱ्याच्या सकाळी शेजारून हमखास येणारी जिलबी! चिंगीला लहानपणापासून सारा वाडा ओळखत होता. शेजारच्या बा तर तिला गाठिया घातल्याशिवाय स्वतः चहा पीत नसत. त्यांना नको म्हणायचे कसे? सासूबाईंनी तोड काढली. त्यांनी बांना संध्याकाळी चिंगीच्या सुईच्या वेळी घरी बोलावले. बांनी ती सुई पाहिली आणि डोळ्याला पदर लावला. त्या दिवसापासून गाठिया बंद झाला. त्या येऊन नुसत्या तिच्या डोक्यावरून हात फिरवून जाऊ लागल्या. शेजाऱ्यांना शंभरदा सांगण्याहून एकदा दाखवणे बरे.

मधुमेही माणसाच्या घरात आणखी एक सावधगिरी हवी. साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या गोडव्यांपैकी झायलिटॉल हा पदार्थ माणसाला चालतो, पण कुत्र्याच्या पोटात गेल्यास त्याची साखर झपाट्याने उतरते आणि यकृतालाही इजा होऊ शकते. 'शुगर फ्री' म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांत, च्युइंगममध्ये व मिठायांत तो असतो. तेव्हा आजीची बिनसाखरेची गोळी चिंगीला चालेल, असे मुलांना कधी वाटू देऊ नये. द्राक्षे, मनुका, बेदाणे, चॉकलेट, कांदा आणि लसूण ही तर कोणत्याच कुत्र्याला देऊ नयेत. साबुदाणा वर्ज्य आहे म्हणून बेदाणे देणे म्हणजे आगीतून फुफाट्यात.

साखर उतरली तर

वाढलेली साखर हळूहळू पोखरते. उतरलेली साखर घटकाभरात घात करते. इन्शुलिन जास्त झाले, जेवण कमी झाले किंवा धावपळ फार झाली, की रक्तातील साखर ६० च्या खाली जाऊ शकते. कुत्रे भांबावल्यासारखे करते, पाय लटपटतात, अंग थरथरते, पुढे झटके येतात आणि शुद्ध हरपते. अशा वेळी यंत्र शोधत बसू नये. शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर लगेच खाऊ घालावे. खात नसेल तर मध, ग्लुकोज किंवा साखरेचा दाट पाक बोटाने हिरड्यांवर चोळावा. बेशुद्ध जनावराच्या तोंडात पातळ काही ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. झटके येत असतील तर आपले बोट त्याच्या दातांत जाणार नाही हे पाहावे. आणि हे करता करताच दवाखान्याची वाट धरावी. पथ्याच्या घरातही मधाची बाटली असावी ती यासाठी. आमची बाटली देव्हाऱ्याच्या फळीवर होती, कारण ती जागा अंधारातही सर्वांच्या हाताला सापडे. तीन वर्षांत ती दोनदा उपयोगी पडली.

याच्या उलट, कुत्रे खाणे टाकून मलूल पडले, ओकू लागले, श्वासाला उग्र फळासारखा वास येऊ लागला, तर शरीरात आम्ल साचत असण्याचा संभव असतो. त्या स्थितीत घरगुती उपाय नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मोठ्या तपासण्यांसाठी पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांचा आधार मोठा असतो. बडोदेकरांना आणंद जवळ आहे, इंदूरकरांना महू, हैदराबादकरांना राजेंद्रनगर. आपल्या गावापासून असे रुग्णालय किती दूर आहे, हे गरज पडण्याआधीच माहीत करून घ्यावे.

दृष्टी गेल्यावर

मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना मोतीबिंदू होतो, आणि पुष्कळांना तो पहिल्या वर्षा-दीड वर्षातच होतो. डोळ्याच्या भिंगात शिरलेल्या साखरेचे दुसऱ्या द्रव्यात रूपांतर होते, ते पाणी ओढून घेते आणि भिंग दुधी होते. हे कधी कधी इतक्या वेगाने घडते, की घरच्यांना ते एका आठवड्यात झाल्यासारखे वाटते. चिंगीची दृष्टी सातव्या महिन्यात गेली. शस्त्रक्रिया होऊ शकते, पण ती मोठ्या शहरातील मोजक्या ठिकाणी आणि पुष्कळ खर्चाची. आम्हाला ती परवडण्यासारखी नव्हती, आणि ते आम्ही मान्य केले.

कुत्र्याचे जग नाकाने आणि कानाने चालते, याची प्रचीती मग आली. आम्ही घरातील सामान जागचे हलवणे बंद केले, जिन्याच्या तोंडाशी फळी लावली, पाण्याचा वाडगा कायम एकाच कोपऱ्यात ठेवला आणि तिला हात लावण्याआधी हाक मारण्याची सवय लावून घेतली. महिन्याभरात ती चौकातून तुळशीपर्यंत न अडखळता जाऊ लागली. सासूबाईंचेही डोळे तोवर अधू झाले होते. दुपारी त्या दोघी ओसरीवर शेजारी शेजारी बसत. मुलगी शाळेतून येताच दोघींनाही एकाच वेळी तिची चाहूल लागे. पण चिंगीला क्षणभर आधी.

पुतण्याच्या मुंजीला पुण्यास जाण्याची वेळ आली तेव्हा घरात पहिल्यांदा खटका उडाला. कोणी तरी मागे राहणे भाग होते. अखेर यजमान राहिले. नातेवाइकांत त्यावरून जे बोलायचे ते बोलले गेले. हा आजार घराकडून जे मागतो त्यात हेही धरावे लागते. त्यानंतर आम्ही शेजारच्या कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाला सुई शिकवून ठेवली. दीर्घ दुखण्यात घराबाहेरचा एक तरी हात तयार करून ठेवावा, हे पहिल्याच महिन्यात करावे असे काम आहे.

कोठे थांबावे

पहिले काही महिने निभावले, की चांगली निगा राखलेली अनेक कुत्री पुढे काही वर्षे सुखाने जगतात. चिंगी तीन वर्षे जगली. शेवटी तिची मूत्रपिंडे थकली. दवाखान्यातील सलाइनने दोन दिवस उभारी येई आणि तिसऱ्या दिवशी ती पुन्हा मान टाकी.

अशा वेळी घरच्यांनी स्वतःला काही साधे प्रश्न विचारावेत. ते आपणहून खाते का? उठून बाहेर जाता येते का? ओळखीच्या माणसाच्या चाहुलीने शेपूट हलते का? कॅलेंडरवर चांगल्या दिवसाला एक खूण आणि वाईट दिवसाला दुसरी करावी. वाईट दिवस अधिक होऊ लागले, की आपण त्याचे आयुष्य वाढवीत नसून आपला वियोग लांबवीत असतो. शांतपणे दिलेले दयामरण हे तेव्हा पशुवैद्याच्या हातचे शेवटचे औषध असते. आम्ही ते घेतले. सासूबाईंनी तिचे डोके मांडीवर घेतले होते. मुलांनी यावे की नाही ते त्यांच्यावर सोपवले, दोघेही आली.

त्या रात्री सवयीने सात वाजता मी फ्रीज उघडला आणि खालचा डबा बाहेर काढला. आत अर्धी बाटली शिल्लक होती. इन्शुलिन उघडल्यावर फार दिवस टिकत नाही, म्हणून ती टाकून द्यावी लागली. पट्ट्या आणि न वापरलेल्या सुया मात्र दवाखान्यात दिल्या. तेथे त्याच आठवड्यात एक मधुमेही कुत्रा आला होता, आणि त्याच्या घरची माणसे बाकावर बसून एकमेकांकडे पाहत होती.

त्यांनी आम्हाला विचारले, "जमेल का हो हे?" आम्ही त्यांना वही दाखवली. ज्या कोणाच्या घरी हा प्रश्न आज उभा असेल, त्यांनाही हेच सांगावेसे वाटते. रोगाला भिऊन पहिल्या दिवशीच हात टेकू नका, आणि भावनेच्या भरात जन्माची शपथही घेऊ नका. तीन महिन्यांचा नेम धरा, घरातल्या प्रत्येकाला एक काम वाटून द्या आणि रोजचे वहीत लिहीत जा. पुढचे काय ते ती वहीच सांगते. ज्यांच्या घरची कुत्री धडधाकट आहेत, त्यांनी आठ दिवसांतून एकदा पाण्याच्या वाडग्याकडे लक्ष द्यावे. मुक्या जनावराला तक्रार सांगता येत नाही. त्याचा वाडगा मात्र ती वेळेवर सांगतो.